‘चार महिन्यांनी या’ म्हणजे नेमकं कधी?

माझी आत्या पर्वती पायथ्याला राहते. वय ७३. तिच्या कपाटात साडीच्या दुकानातली एक जाड प्लॅस्टिकची पिशवी आहे आणि तिचा सगळा दवाखाना त्या पिशवीत आहे: केसपेपर, रिपोर्ट, चष्म्याचे नंबर, थेंबांच्या बाटल्यांची रिकामी खोकी. तिला काचबिंदू आहे. अडीच वर्षांपूर्वी एका तपासणीनंतर डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, ‘चार महिन्यांनी, फील्ड टेस्टसह’, म्हणजे बाजूची नजर मोजणाऱ्या तपासणीसह. कागद घेऊन ती खिडकीवर गेली. तिथे सांगितलं, एवढ्या पुढच्या तारखा अजून उघडलेल्या नाहीत, पुढच्या महिन्यात फोन करा. तिने केला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा कोणी तरी उचलून ‘दुपारी करा’ म्हणालं. मग घरात लग्न निघालं, मग पाऊस, मग तिचा गुडघा. थेंब ती रोज न चुकता घालत होती, त्यामुळे उपचार चालू आहेत अशीच आम्हा सगळ्यांची समजूत. पुन्हा तपासायला गेली तोवर अकरा महिने उलटले होते आणि डाव्या डोळ्याची बाजूची नजर बरीच गेली होती. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

नंतर मी त्या रुग्णालयात जाऊन विचारलं. माणसं चांगली होती, त्यांनी संगणक उघडून दाखवला. आत्याची आधीची भेट तिथे होती आणि तिच्यापुढे शेरा होता: ‘पूर्ण’. पुढची भेट चार महिन्यांनी व्हायला हवी ही गोष्ट फक्त केसपेपरवर होती आणि केसपेपर आत्याच्या पिशवीत. ती यायची राहिली आहे हे रुग्णालयात कोणालाच माहीत नव्हतं, कारण तसं माहीत होण्याची सोयच नव्हती.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी आणि फेरतपासणीसाठी माणूस किती थांबतो, हे रुग्णालयं मोजतात तरी कसं? वरवर वाटतं, यात अवघड काय आहे, दोन तारखांची वजाबाकी. पण कोणत्या दोन तारखा, इथेच सगळी गोम आहे.

एकच माणूस, तीन उत्तरं

एक उदाहरण घेऊ. धायरीतल्या एका गृहस्थांना हर्निया आहे. ५ जानेवारीला फॅमिली डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली. १९ जानेवारीला ओपीडीत नंबर लागला. सोनोग्राफीची तारीख मिळाली ४ फेब्रुवारीची. रिपोर्ट घेऊन पुन्हा सर्जनच्या ओपीडीत, १६ फेब्रुवारीला, आणि त्या दिवशी ऑपरेशन करायचं ठरलं. मग ईसीजी, साखर, भूलतज्ज्ञांची तपासणी. साखर जास्त निघाली, ती आटोक्यात येऊन ‘फिटनेस’ मिळाला ११ मार्चला. ऑपरेशन ८ एप्रिलला.

हे किती दिवस थांबले? फिटनेस मिळाल्यानंतर नाव ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, यादीत चढतं, असं धरणारं रुग्णालय सांगेल २८ दिवस. ऑपरेशन ठरलं तिथून मोजणारं सांगेल ५१ दिवस. आणि घरी पट्टा बांधून बसलेल्या त्या माणसाला विचारलं, तर तो ५ जानेवारीपासून मोजेल: ९३ दिवस. तिन्ही उत्तरं खरी आहेत, कोणी खोटं बोललेलं नाही. म्हणून ‘आमच्याकडे सरासरी महिन्याभरात ऑपरेशन होतं’ असं कोणी म्हणालं, की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कधीपासून?

इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेने याचं उत्तर नियमात लिहून ठेवलं आहे. फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी रुग्णालयाला मिळाली की घड्याळ सुरू. प्रत्यक्ष उपचार सुरू झाले, किंवा ‘उपचाराची गरज नाही’ अथवा ‘सध्या फक्त लक्ष ठेवू’ असं रुग्णाशी बोलून ठरलं, की घड्याळ बंद. मधली पहिली भेट, तपासण्या, दुसरं मत हे सगळं त्याच घड्याळात येतं. म्हणजे सोनोग्राफीची तारीख लांब पडली तर ते खातं मोकळं सुटत नाही, आपल्या धायरीच्या गृहस्थांचे ९३ दिवस ९३च मोजले जातात. मर्यादा आहे १८ आठवड्यांची, आणि वाट पाहणाऱ्यांपैकी ९२ टक्के लोक कोणत्याही वेळी त्या मर्यादेच्या आत असले पाहिजेत. २०१६ पासून हे उद्दिष्ट त्यांना गाठता आलेलं नाही, कोविडनंतर तर यादी फुगत जाऊन सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ लाखांच्या पुढे गेली. (यात दोन वेगळ्या आजारांसाठी थांबलेला माणूस दोनदा मोजला जातो, हेही तिथे उघड सांगितलेलं असतं.) मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की आकडा वाईट असूनही तो दर महिन्याला प्रसिद्ध होतो. घड्याळ कधी सुरू होतं हे आधीच ठरल्यामुळे तो सोयीने कमी करता येत नाही.

घड्याळाच्या मधल्या भागातही भानगडी असतात. रुग्णालयाने तारीख दिली आणि रुग्णच म्हणाला, ‘आत्ता नको, वारी करून येतो, मग बघू’. किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन थंडीतच करायचं ही आपल्याकडची जुनी समजूत, तीपायी लोक दिवाळीनंतरचीच तारीख मागतात. हे दिवस रुग्णालयाच्या नावावर टाकायचे का? रुग्ण ठरल्या दिवशी आलाच नाही तर नाव यादीतून काढायचं, मागे ढकलायचं, की फोन करायचा? उत्तर काहीही असो, ते आधी लिहिलेलं आणि सगळ्यांना सारखं हवं. नाहीतर यादी छोटी करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे लोकांची नावं खोडणं. ‘दोन वेळा आला नाही’ म्हणून ज्याचं नाव कटलं तो बरा झालेला नसतो. कदाचित मंचरहून सकाळची एसटी चुकलेली असते.

बस मिळालेल्यांना विचारायचं की थांब्यावर उभ्या असलेल्यांना?

समजा स्वारगेटच्या थांब्यावर लोक किती वेळ थांबतात हे शोधायचं आहे. बसमध्ये चढलेल्यांना विचारलं तर एक उत्तर मिळेल. थांब्यावर अजून उभे असलेल्यांना विचारलं तर दुसरं. आणि ज्या मार्गाची बस दुपारपासून आलेलीच नाही, त्याचे प्रवासी पहिल्या मोजणीत येणारच नाहीत, कारण ते चढलेच नाहीत.

रुग्णालयांचं अगदी हेच होतं. ‘गेल्या महिन्यात ऑपरेशन झालेले रुग्ण सरासरी किती थांबले’ हे काढणं सोपं, कारण ती नोंद ओटीच्या रजिस्टरमध्ये असते. पण जो दीड वर्ष थांबलेलाच आहे तो या आकड्यात शिरतच नाही. याहून विचित्र गोष्ट अशी, की एखाद्या प्रामाणिक विभागप्रमुखाने ठरवून सगळ्यात जुन्या पंचवीस रुग्णांची ऑपरेशनं एका महिन्यात उरकली, तर त्या महिन्याची सरासरी एकदम वाढते. काम चांगलं झालं आणि कागदावर कामगिरी बिघडली. म्हणून दोन्ही आकडे लागतात: ज्यांचं झालं ते किती थांबले, आणि ज्यांचं व्हायचंय ते आजच्या तारखेला किती दिवस थांबलेत.

सरासरीचा आणखी एक घोटाळा आहे. दहा रुग्णांपैकी नऊ जण २० दिवस थांबले आणि एक जण ३०० दिवस. बेरीज ४८०, सरासरी ४८ दिवस. पण ४८ दिवस थांबलेला माणूस त्या दहांत एकही नाही. त्यामुळे सगळ्यांना कमी ते जास्त अशा ओळीत उभं करून मधल्या माणसाचे दिवस सांगतात. त्याला मध्यक म्हणतात आणि इथे तो २० आहे. मध्यक सर्वसाधारण रुग्णाला काय अनुभव आला ते सांगतो, पण त्या ३०० दिवसवाल्याला पूर्ण झाकून टाकतो. ऑस्ट्रेलियात म्हणून मध्यकाबरोबर दुसरा आकडाही देतात: १०० पैकी ९० रुग्णांचं किती दिवसांत झालं. उरलेल्या दहांकडे बघायला लावणारा तो आकडा आहे. मला विचाराल तर एखादं रुग्णालय कसं चाललंय हे मध्यकापेक्षा त्यावरून जास्त कळतं.

यादीची लांबी आणि थांबण्याचा काळ यांचं नातं मात्र फार सोपं आहे. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने १९६१ मध्ये ते सिद्ध केलं आणि भाजीवाल्यालाही ते न शिकता कळतं. मोतीबिंदूच्या यादीत २४० नावं आहेत आणि आठवड्याला २० ऑपरेशनं होतात, तर आज नाव लावणाऱ्याला साधारण १२ आठवडे. त्यासाठी संगणक लागत नाही, फक्त यादी खरी हवी. इथेच पुण्यासारख्या शहरात अडचण येते. एकाच माणसाने सरकारी रुग्णालयात नाव लावलेलं असतं, धर्मादाय रुग्णालयात चौकशी केलेली असते आणि योजनेची मंजुरी येईल म्हणून तिसरीकडे कागद दिलेले असतात. कुठे तरी एका ठिकाणी ऑपरेशन होऊन जातं, बाकी दोन ठिकाणी तो ‘वाट पाहत’ राहतो. मोबाईल नंबर मुलाचा, मुलगा आता चाकणला, नंबर बदललेला. नावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. म्हणून दर काही महिन्यांनी यादीतल्या प्रत्येकाला फोन करून ‘अजून करायचंय ना?’ असं विचारणं हे कंटाळवाणं काम करावंच लागतं. सरकारच्या आभा या आरोग्य-ओळख क्रमांकासारखा एक कायमचा १४ आकडी क्रमांक सगळीकडे वापरला गेला, तर हे पुष्कळ सोपं होईल.

शिवाय यादी एकसंध नसते. सरकारी रुग्णालयांत प्रत्येक सर्जरी युनिटचे ओपीडीचे आणि ऑपरेशनचे वार ठरलेले असतात. एखाद्या युनिटचा मंगळवार सणाच्या सुट्टीत गेला की त्यांची त्या आठवड्याची यादी पुढे सरकते. शेजारच्या युनिटला त्याची झळही लागत नाही. पूर्ण विभागाची सरासरी बघणाऱ्याला हे दिसत नाही.

आधी आलेला आधी, की जास्त गरजेचा आधी?

रेशनच्या रांगेत आधी आलेला आधी हा न्याय बरोबर आहे. रुग्णालयात तो पुरत नाही. ऑस्ट्रेलियात ठरवून करायच्या ऑपरेशनांचे तीन गट आहेत: ३० दिवसांत व्हायला हवीत ती, ९० दिवसांत, आणि ३६५ दिवसांत. गट सर्जन ठरवतो. कोण किती थांबला यापेक्षा, आपल्या गटाच्या मुदतीत त्याचं झालं का, हे मोजतात. वर्षभराच्या गटातला माणूस १०० दिवस थांबला तर बिघडलं नाही, पहिल्या गटातला ४० दिवस थांबला तर बिघडलं.

वाट काटेकोरपणे मोजण्याचं एक उदाहरण खुद्द पुण्यात आहे: अवयवदानाची प्रतीक्षायादी. मृत्यूनंतर दान झालेले अवयव कोणाला द्यायचे याची यादी झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, सांभाळतं. रुग्णालय नाव नोंदवतं, पण क्रम रुग्णालयाच्या मर्जीवर नसतो. मूत्रपिंडाच्या यादीत रुग्णाने डायलिसिसवर किती काळ काढला याला गुण मिळतात. इथे वाट पाहण्यालाच वजन आहे. यकृताच्या बाबतीत मात्र नुसता काळ मोजणं घातक ठरू शकतं. अमेरिकेत पूर्वी यादीत घालवलेल्या काळालाही महत्त्व होतं, त्यामुळे नाव लवकर लावून ठेवण्याकडे कल असायचा. २००२ पासून तिथे बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याची चाचणी यांवरून गुण काढायला लागले: ज्याची प्रकृती जास्त ढासळली, तो वर. थोडक्यात, काय मोजायचं हे ठरवलं की कोणाला आधी हेही ठरून जातं. त्यामुळे ही निवड नुसत्या कारकुनी कामात मोडत नाही.

फेरतपासणीचं घड्याळ उलटं असतं

आता पुन्हा आत्याकडे येते, कारण हा लेख लिहायला बसले ते तिच्यामुळेच.

नव्या रुग्णाचं घड्याळ शून्यापासून पुढे जातं. फेरतपासणीच्या रुग्णाला डॉक्टरांनी एक तारीख दिलेली असते, निदान एक काळ तरी. त्याच्या आत माणूस थांबलेला नसतोच. चार महिने हा उपचाराचाच भाग आहे. वाट सुरू होते ती तारीख उलटल्यावर. म्हणून इथे ‘किती दिवस थांबला’ हा प्रश्न चुकीचा ठरतो. विचारायचं ते ‘तारखेच्या किती पुढे गेला’.

आणि तेही नुसत्या दिवसांत सांगून भागत नाही. वर्षाने बोलावलेला माणूस महिनाभर उशिरा आला तर फारसं काही होत नाही. महिन्याने बोलावलेला महिनाभर उशिरा आला तर दुप्पट काळ गेला. म्हणून ब्रिटनमधल्या वेल्समध्ये हा उशीर टक्क्यांत मोजतात. महिन्याने बोलावलं आणि दोन महिने झाले, म्हणजे १०० टक्के उशीर. असे १०० टक्क्यांच्या पुढे गेलेले रुग्ण किती, हा आकडा तिथे स्वतंत्रपणे काढला जातो. या हिशेबाने आत्याचा उशीर १७५ टक्के होतो. हा आकडा मी पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले.

इंग्लंडचं १८ आठवड्यांचं घड्याळ पहिला उपचार सुरू झाला की थांबतं, हे वर आलंच. काचबिंदूच्या रुग्णाला थेंब सुरू केले की त्याचं घड्याळ बंद. पण त्याचा आजार तर जन्मभराचा. पुढच्या तीस-चाळीस भेटी त्या घड्याळाच्या बाहेर होतात. आता ओपीडीच्या खुर्च्या तेवढ्याच असतील आणि वरून दबाव फक्त नव्या रुग्णांचा असेल, तर मागे कोण ढकललं जाईल हे उघड आहे. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या नेत्रतज्ज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयीन सेवेतल्या उशिरामुळे तिथे महिन्याला वीसेक रुग्णांची नजर गंभीर स्वरूपात किंवा कायमची जाते, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि फेरतपासणीतल्या उशिराचा त्यात मोठा वाटा होता. वेल्सने २०१९ पासून डोळ्यांच्या विभागासाठी नवा नियम आणला. नवा असो की जुना, प्रत्येक रुग्णाला धोक्यानुसार गट आणि लक्ष्यतारीख द्यायची. कायमचं नुकसान होऊ शकेल अशा गटातले ९५ टक्के रुग्ण त्या तारखेच्या आत, किंवा फार तर २५ टक्के उशिराच्या आत, तपासून व्हायला हवेत. आत्याच्या चार महिन्यांवर २५ टक्के म्हणजे एक महिना. पाचव्या महिन्याच्या शेवटी तिचं नाव कोणाच्या तरी पडद्यावर आलं असतं.

आपल्याकडे ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी किंवा फेरतपासणीसाठी सगळ्या रुग्णालयांना लागू असलेली अशी देशपातळीवरची मुदत नाही. जे मोजलं जातं ते बहुतेक त्या दिवसापुरतं असतं. रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या एनएबीएचच्या निकषांत ओपीडीत डॉक्टर भेटेपर्यंतचा आणि तपासणीसाठी थांबण्याचा वेळ आहे, डिस्चार्जला लागणारा वेळ आहे. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग कमी व्हावी म्हणून क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घेण्याची सोय आली. हे सगळं चांगलंच आहे, चार तास बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याची किंमत विचारा. पण ही मिनिटांची मोजदाद झाली. आठवड्यांची आणि महिन्यांची वाट माणूस घरी पाहतो, आणि घरची वाट रुग्णालयाच्या भिंतींच्या बाहेर पडते.

तरी आपल्याला हे जमत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. गावोगावच्या आशाताईंकडे ‘ड्यू लिस्ट’ असते. या महिन्यात कोणत्या बाळाची कोणती लस आहे: दीड महिन्याची, अडीच महिन्यांची, साडेतीन महिन्यांची. बाळ आलं नाही तर आशाताई घरी जाऊन कडी वाजवते. वेल्सच्या सगळ्या व्यवस्थेचं मर्म त्या एका कागदात आहे. तारीख रुग्णाच्या पिशवीत नाही, बोलावणाऱ्याच्या हातात आहे, आणि कोण आलं नाही हे दिसतं. क्षयरोगाच्या रुग्णांसाठी निक्षय पोर्टलवरही उपचारांचा माग असाच ठेवतात. काचबिंदू, मधुमेहाने बिघडलेला डोळ्याचा पडदा, कॅन्सरनंतरची तपासणी, लहान मुलांच्या हृदयाचे आजार, यांच्यासाठी तीच पद्धत का नको?

त्यासाठी रुग्णालयाला मोठी यंत्रणा उभारावी लागत नाही. रजिस्टरमध्ये तीन रकाने पुरतात: डॉक्टरांनी कधी बोलावलं, तारीख कोणती दिली, प्रत्यक्ष कधी आले. पहिला आणि दुसरा वेगळे ठेवणं फार गरजेचं आहे. डॉक्टर म्हणाले चार महिने आणि खिडकीवर जागा मिळाली सातव्या महिन्यात, तर सातव्या महिन्यात वेळेवर आलेला रुग्ण कागदावर ‘वेळेवर’ दिसतो आणि तीन महिने गायब होतात.

आपण रुग्णांनी आणि घरच्यांनी काय करायचं, तर डॉक्टरांना खोलीतच विचारायचं, ‘यापेक्षा उशीर झाला तर किती चालेल?’ तो काळ केसपेपरवर लिहून घ्यायचा. ‘तारखा उघडल्या नाहीत’ असं खिडकीवर सांगितलं, तर आपलं नाव आणि नंबर लिहून घेणारं कोणी आहे का हे विचारायचं. चिठ्ठी मिळाल्याची, ऑपरेशन ठरल्याची, तारीख बदलल्याची, प्रत्येक तारीख एका जागी टिपून ठेवायची. तक्रार करायची वेळ आली तर ‘खूप दिवस झाले’ यापेक्षा ‘१६ फेब्रुवारीला ठरलं, आज ५१ दिवस झाले’ हे लगेच ऐकलं जातं.

आत्या आता दुसरीकडे दाखवते. छोटं रुग्णालय आहे, ट्रस्टचं. तिथल्या सिस्टरांकडे काचबिंदूच्या रुग्णांची निळ्या पुठ्ठ्याची वेगळी वही आहे. गेल्या श्रावणात आत्या तापाने आजारी होती, मंगळवारची तारीख चुकली आणि आम्ही सगळेच विसरलो. शुक्रवारी सकाळी फोन आला. तिकडून सिस्टर म्हणाल्या, ‘आजी, मंगळवारी वाट पाहिली तुमची. सोमवारी येताय ना? साडेदहाला लिहू?’